नावाचं कडवं

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत धुळाप्पाचं डोकं फिरलं, ते कुणाशी भांडण झालं म्हणून नव्हे. चहाच्या हाटेलात त्याचंच गाणं लागलं होतं, म्हणून फिरलं.

धुळाप्पा मंगळवेढ्याकडचा धनगर. मेंढरांमागं चालता चालता गाणी रचायचा. हातात डफ घेऊन उभा राहिला की चार गावची माणसं गाड्या जुंपून ऐकायला यायची. लिहिणं-वाचणं त्याच्या वाट्याला आलं नव्हतं, पण रचलेलं एकही अक्षर विसरायचा नाही. आणि विसरायचा नाही तसा झालेला अपमानही विसरायचा नाही. रागीट म्हणून त्याचं नाव गाण्याच्या आधी पोचायचं.

डफ त्याला हरिबाआण्णांनी दिला. आण्णा म्हणजे त्या भागातल्या गाण्याच्या फडांचे गुरू, वाळलेल्या अंगाचे आणि कडक तोंडाचे. त्यांच्या फडाची रीत ठरलेली होती. आधी बिरोबाला नमन, मग गुरूला, मग गाणं, आणि अगदी शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं. त्या कडव्याशिवाय गाणं म्हणजे बेवारशी. डफ हातात देताना आण्णांनी बजावलं होतं, "देव म्होरं, तू मागं. उलटं केलंस तर ह्यो डफ काढून घीन." धुळाप्पानं ते मनावर कोरून ठेवलं होतं.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं काळ्या मेंढीचं, आणि ती मेंढी खरी होती. एका दुष्काळात तो कळप घेऊन निजामाच्या मुलखात गेला होता. परत येताना ही काळी लंगडायला लागली, मागं राहिली, आणि तिच्यासाठी थांबावं तर बाकीची मेंढरं तहानेनं पडत होती. तो तिला सोडून आला. घरी आल्यावर कळपातलं निम्मं मेलं, उरलेलं विकावं लागलं. काटेरी कुंपणाचा मेंढरांचा वाडा ओसाड पडला. तरी त्याची बायको बनाबाई रोज तिथं पाण्याचं घमेलं भरून ठेवायची. वेडी झालीय म्हणून लोक हसायचे. आणि एक दिवस ती काळी मेंढी भीमा ओलांडून, हाडांचा सापळा होऊन, आपली आपण वाड्याच्या दारात येऊन उभी राहिली.

काळी माझी मेंढी निजामाच्या मुलखी राहिली,
कळप गेला घरा, हिनं मागं वाट पाहिली.

असं ते गाणं सुरू व्हायचं. मेंढी काटे तुडवायची, लांडगा चुकवायची, मग नदी आडवी यायची.

भीमा आली आडवी, पाणी चढलं मानंला,
काळी माझी मेंढी बघे पल्याडच्या रानाला.

इथं धुळाप्पा डफ थांबवायचा. माणसं श्वास धरून बसायची. मग तो नावाचं कडवं म्हणायचा.

धुळाप्पा म्हणे, मेंढी आली वाड्याच्या दारी,
बना उभी पाणी घेऊन रित्या वाड्यावरी.

एवढं झालं की पटके उडायचे.

सोलापुरात चनमल्लप्पा नावाचा एक दुकानदार घड्याळं आणि गाणी वाजवणारी फोनोची यंत्रं विकायचा. मुंबईहून कंपनीची माणसं गाणी भरून घ्यायला आली, तेव्हा त्यानंच धुळाप्पाला बोलावणं धाडलं. बाजारातल्या एका माडीवर यंत्र मांडलं होतं. तांबडा दिवा लागला की म्हणायचं, दिवा विझायच्या आत संपवायचं, मेणाच्या तबकडीवर तीन मिनिटांपेक्षा जास्त काही मावत नाही, असं चनमल्लप्पानं आपल्या कानडी वळणाच्या मराठीत समजावलं. नमन गाळलंस तर सगळं बसेल, असंही म्हणाला. धुळाप्पानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो यंत्राकडं वळला. देवाला गाळून गाणं म्हणणारा माणूस त्यांच्या फडात जन्मला नव्हता.

आणि तिथंच त्याची फसगत झाली. डोळे मिटल्याशिवाय त्याला गाता यायचं नाही. त्यानं डोळे मिटले, बिरोबाला आळवलं, आण्णांना आळवलं, मग मेंढीला रानोमाळ फिरवून घरी आणलं आणि नावाचं कडवं जीव ओतून म्हटलं. डोळे उघडले तेव्हा दिवा विझलेला होता. कधी विझला, ते त्याला कुणी सांगितलं नाही. माणसं यंत्र पुसत होती. त्यांनी त्याच्या डोक्याला नवा पटका बांधला, आणि तो ऐटीत घरी आला.

आता गड्ड्यात तबकडी आली म्हटल्यावर तो मेहुण्याला, येडूला, मुद्दाम घेऊन आला होता. हाटेलात गर्दी मावत नव्हती. कर्ण्यातून आपलाच आवाज ऐकून धुळाप्पाच्या अंगावर काटा आला. शेजारच्यांना तो सांगत सुटला, ह्यो मी हाय, ह्यो माजाच आवाज हाय. एका गिरणी कामगारानं विचारलं, कशावरून. धुळाप्पा हसला आणि म्हणाला, थांबा की, शेवटाला माझं नाव येतंय.

भीमा आडवी आली. पाणी मानेला चढलं. मेंढीनं पल्याडच्या रानाकडं पाहिलं, आणि सुई खरखरली. हाटेलवाल्यानं ती उचलून बाजूला केली.

"मग, आलं का नाव?" असं त्या कामगारानं विचारलं आणि सगळं हाटेल हसलं. येडूसुद्धा हसला, हे धुळाप्पाला जास्त लागलं. त्यानं कपबशी भिंतीवर मारली आणि तडक चनमल्लप्पाचं दुकान गाठलं.

चनमल्लप्पा गादीवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "तबकडी संपली, त्याला मी काय करू? तुला सांगितलं होतं की. तुझ्या देवानं सगळी जागा खाल्ली." तबकडीवरच्या कागदावर काय लिहिलंय, ते धुळाप्पानं दुसऱ्याकडून वाचून घेतलं. 'धनगरी गाणे' एवढंच होतं. जणू ते गाणं सगळ्या धनगरांनी मिळून रचलं होतं, किंवा मेंढरांनीच. उरलेलं कडवं भरून घ्या म्हणून त्यानं हट्ट धरला. कंपनीची माणसं मुंबईला गेली, असं उत्तर मिळालं. तळपायाची आग मस्तकात गेली तरी ती कुणावर काढायची, हे त्याला कळेना. यंत्राच्या कानाखाली वाजवता येत नाही.

पण खरी आग पुढच्या वर्षी लागली. शहरात मानसिंग नावाचा एक गवई होता, तेल लावून भांग पाडणारा, पेटीवर गाणारा. गळा गोड, हे धुळाप्पाही नाकारत नव्हता. अर्धवट सुटलेली मेंढी त्याला आयती सापडली. त्यानं नमन काढून टाकलं, चाल जरा रडवी केली, आणि मोकळ्या जागेत आपलं कडवं बसवलं.

मानसिंग म्हणे, मेंढी बुडाली गं बाई,
रडतंय कोकरू, त्याला आता आई नाही.

त्यानं याची तबकडी भरली आणि ती धडाक्यात खपली. नातेपुत्याच्या बाजारात लागली, केमच्या ठेसनाजवळच्या हाटेलात लागली. माणसं चहा पिता पिता डोळे पुसायला लागली. त्या मेंढीला कोकरू नव्हतंच. पण हे कुणाला सांगायचं? जिथं जाईल तिथं लोक धुळाप्पालाच फर्माईश करायचे, मानसिंगचं ते मेंढीचं म्हणा. नाव चोरलं ते चोरलं, वर त्या हलकटानं जित्याजागत्या जनावराला बुडवलं होतं. जी मेंढी आपल्या पायांनी घरी आली, तिला सगळा मुलूख मेलेली समजत होता.

एके दिवशी पहाटे जात्याच्या आवाजानं त्याला जाग आली. बनाबाई दळत होती आणि दळता दळता गात होती. काळी माझी मेंढी. तो पडल्या पडल्या ऐकत राहिला. भीमा आली. पाणी मानेला चढलं. आणि त्याच्या बायकोनं, त्याच्या घरात, त्याच्या जात्यावर मेंढी बुडवली.

तो ताडकन उठला आणि पिठाची पाटी लाथेनं उडवली. "कुनाचं गानं म्हंतीस?"

बनाबाई घाबरली नाही. पदरानं पीठ झाडत म्हणाली, "मानसिंगचं."

"मेंढी बुडाली का? तूच पानी पाजलंस नव्हं तिला?"

तिनं सांगितलं ते खरंच होतं. तो फडात गायचा, तिथं घरच्या बायका जायच्या नाहीत. घरी त्यानं कधी तिच्यापुढं गाणं म्हटलं नव्हतं. तिला ते शिकवलं पाणवठ्यावरच्या बायकांनी, आणि त्या हाटेलाबाहेर उभ्या राहून शिकल्या. आपली मेंढी वेगळी आणि गाण्यातली वेगळी, असं ती धरून चालली होती. मग धुळाप्पानं दात-ओठ खात तिला नावाचं कडवं म्हणून दाखवलं. त्यात आपलं नाव आहे हे ऐकून तिनं त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

"आता ह्येच म्हनायचं," तो म्हणाला.

"कसं म्हनू?" ती म्हणाली. "पयलाच शबुद तुमच्या नावाचा. मानसिंगचं नाव मला घेता येतंय. तुमचं घेता येत न्हाय."

नवऱ्याचं नाव घेऊ नये ही रीत, तिच्या आईनं पाळली, धुळाप्पाच्या आईनं पाळली. परक्याचं नाव मुलूखभर गाजत होतं, आणि त्याचं नाव त्याच्या उंबऱ्याच्या आतसुद्धा कुणाच्या तोंडी येत नव्हतं. तो घोंगडं खांद्यावर टाकून बाहेर पडला.

बिरोबाच्या जत्रेत त्या साली पंचांनी सोलापूरहून मानसिंगला बोलावलं. भर दुपारी देवळापुढच्या मोकळ्या जागेत माणसांची दाटी झाली, देवाची जत्रा म्हणून एका अंगाला बायकाही बसल्या. हरिबाआण्णा घोंगडीवर मधोमध बसले होते. मानसिंगनं पेटी उघडली आणि हसून सांगितलं, आज तुमच्याच मातीतलं गाणं म्हणतो. धुळाप्पा उठला. त्यानं पेटीचा भाता दाबून बंद केला आणि डफ वाजवला.

नमन त्यानं केलं नाही. पहिला बोल काढला तोच,

धुळाप्पा म्हणे, मेंढी आली वाड्याच्या दारी...

माणसं चपापली. आण्णा कडाडले, "धुळ्या, आदी देव."

"देवाचं नाव कुनी चोरत न्हाय, आन्ना," धुळाप्पा म्हणाला. "माजं चोरलंय. मागं ठिवलं म्हनूनच चोरलं."

आण्णा काठी टेकत उठले, त्याच्या जवळ आले आणि हात पुढं केला. धुळाप्पाचे डोळे भरून आले, रागानं आणि लाजेनंही. त्यानं डफ त्यांच्या हातात दिला. बापानं घराबाहेर काढावं तसं त्याला झालं. पण तो खाली बसला नाही. रिकाम्या हातांनी टाळी धरून पुढं गात राहिला. आवाज फुटत होता, तरी मेंढी चालत राहिली, काट्यातून, लांडग्याला चुकवून, भीमेपर्यंत. पल्याडच्या रानाकडं तिनं पाहिलं आणि तो दम लागून क्षणभर थांबला.

तेवढ्यात माणसांनी पुढचं कडवं उचललं. कुणी मुद्दाम नव्हे, सवयीनं. सगळी जत्रा एका सुरात म्हणाली, मानसिंग म्हणे, मेंढी बुडाली गं बाई. धुळाप्पा ओरडत होता, न्हाय, न्हाय बुडाली, पण त्याचा आवाज त्यात कुठल्या कुठं गेला. मानसिंगनं मान खाली घातली होती, तरी पेटी मात्र पुन्हा उघडली होती.

मग बायकांच्या अंगाला बनाबाई उभी राहिली. शेजारणीनं तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"मेंढी आली व्हती," ती म्हणाली. "मी पानी पाजलंय तिला. कोकरू न्हवतं तिला."

बाई जत्रेत बोलते म्हटल्यावर गलका थांबला. आण्णांनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"ह्ये गानं धुळाप्पाचं हाय."

बायकांनी तोंडावर हात ठेवले. सासू जिवंत असती तर तिथंच खाली कोसळली असती. एवढ्या वर्षांच्या संसारात ते नाव तिच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. आण्णा काठी आपटत म्हणाले, "बये, नवऱ्याचं नाव घेतलंस. पाप लागंल."

"लागू द्या," बनाबाई म्हणाली. "मी घेतलं न्हाय म्हनून तर दुसऱ्याचं आलं माज्या तोंडात."

आणि तिनं कडवं म्हणायला सुरुवात केली, जात्यावरच्या चालीत, डफाशिवाय आणि पेटीशिवाय. पहिल्याच शब्दाला नवऱ्याचं नाव आलं. तिनं ते गिळलं नाही. दुसऱ्यांदा म्हणताना पाणवठ्यावरच्या बायकांनी तिला साथ धरली, कारण त्यांचा तो नवरा नव्हता आणि त्यांना ते नाव घ्यायला कुणाची बंदी नव्हती.