डावीकडचा ब्रेक

मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे. त्या नशीबवान, त्यांच्या वाट्याला तेलाचा वास, स्वप्नं आणि अधूनमधून चार अश्रू येतात. माझ्या वाट्याला माणसाचं दुसरं टोक आलं. तक्रार नाही. तुम्ही एकमेकांना तोंडावरून ओळखता आणि जन्मभर फसत राहता, कारण तोंडाला खोटं बोलता येतं. बुडाला येत नाही. वर माणूस "छे, मी कुठे घाबरलोय?" म्हणत असतो, तेव्हा खाली तो मला लिंबासारखं पिळत असतो. बत्तीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

तशी मी जन्मले डोक्यासाठीच. मास्तरीणबाईंनी जुन्या पडद्याची खोळ शिवली आणि घरात होता नव्हता तेवढा कापूस माझ्यात कोंबला. पहिल्याच सकाळी मास्तर मान वाकडी करून उठले.

"ही उशी आहे का वीट?"

"मग गाडीत टाका नेऊन," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या बुटक्या विद्यार्थ्यांना उंच करायला होईल."

जन्मल्यापासून एका रात्रीत माझी बदली झाली. सरकारी नोकरांचीही इतक्या लवकर होत नाही.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. एक खोली, एक बाक, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि दाराशी एक पांढरी गाडी. या गाडीला क्लच आणि ब्रेक दोन-दोन होते. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी डावीकडे मास्तरांच्या पायाशी. दोन्ही आतून सळईने जोडलेल्या. डावीकडे दाबलं की उजवीकडचंही दबायचं. शिकणाऱ्याला वाटायचं, आपण काय वेळेवर थांबलो! मास्तर तो गैरसमज दूर करत नसत. "शाबास" म्हणायचे आणि पाय हळूच मागे घ्यायचे.

पण प्रत्येकाच्या शेवटच्या दिवशी ते एक गोष्ट करायचे. चपला काढून मागे सरकवायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि सीटवर ऐसपैस मांडी घालून बसायचे. म्हणजे, बाबा रे, आता माझ्या पायाशी काही नाही, गाडी तुझी. तोंडाने एक अक्षर बोलायचे नाहीत. पण लोक एकमेकांना विचारायचे ते परवान्याबद्दल नाही. "मास्तरांनी मांडी घातली का?" असं विचारायचे. बँकेतल्या एका साहेबांनी विजेच्या खांबाला धडक दिली आणि खांबालाच "सॉरी" म्हटलं. त्यांनाही सातव्या आठवड्यात मांडी मिळाली. त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यांनी माझ्यावर जे काही केलं, ते मी सांगणार नाही. मी कापसाची आहे, चहाडखोर नाही.

आता पोरीकडे येते. मास्तरांची एकुलती एक, तेव्हा नऊ वर्षांची, अंगाने चिमूटभर. मास्तर तिला बुटकी म्हणायचे. तुम्हाला वाटेल, गाड्यांचं वेड घेऊनच जन्मली असेल. कसलं काय! तिला गाडी लागायची. मागच्या सीटवर बसली की दुसऱ्या वळणाला चेहरा पांढरा, चौथ्या वळणाला डोकं खिडकीबाहेर. एका रविवारी खिडकीची काच अडकली आणि मी शेजारीच होते. माझी पहिली आंघोळ त्या दिवशी झाली.

मास्तरांनी गाडी बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात नेली. नळाखाली मला खंगाळलं, पिळलं आणि बोनेटवर वाळत टाकलं. पोरगी चाकाला टेकून रडत होती.

"मी परत कधीच गाडीत बसणार नाही."

"चालवणाऱ्याला कधी गाडी लागलेली बघितलीस?"

पोरीने नाक पुसलं आणि विचार केला. "नाही."

"मग ये पुढे."

मी अजून दमट होते. मला उजव्या सीटवर ठेवलं आणि माझ्यावर पोरीला. तिचे पाय हवेत लोंबकळत होते. पेडलं कुठल्या कुठे खाली राहिली. मास्तर डावीकडे बसले. "हात तुझे, पाय माझे," म्हणाले. गाडी चालू केली, आपल्या बाजूचा क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि क्लच इंचाइंचाने सोडायला लागले. अर्ध्यात एका जागी इंजिनाचा आवाज जाड झाला, बोनेट किंचित उचललं आणि सगळी गाडी थरथरली. तिथेच मास्तरांनी पाय धरून ठेवला.

"खालून काही कळलं?"

"गुदगुल्या होतायत."

"हीच ती जागा. इथे गाडी म्हणते, चला."

वेड डोक्यात शिरतं असं तुम्ही म्हणता. साफ खोटं. मी साक्षीला होते. वेड खालून वर चढतं. इंजिनातून सांगाड्यात, सांगाड्यातून सीटमध्ये, सीटमधून माझ्यात आणि माझ्यातून पोरीत. मधे मी नसते तर ते तिच्यापर्यंत पोहोचलं असतं का, याचा निकाल ज्याने त्याने लावावा. गाडी माणूस चालतो त्या वेगाने सुटली. पोरीने जीभ दातांत धरून अख्ख्या मैदानाला एक फेरी मारली. उलटी नाही, मळमळ नाही. गाडी थांबल्यावर ती एकच शब्द बोलली.

"परत."

अकरा फेऱ्या झाल्या. घरी जायला उशीर झाला म्हणून मास्तरांनी बोलणी खाल्ली, आणि ओल्या उशीवर बसवल्यामुळे पोरीला सर्दी झाली म्हणून पुन्हा खाल्ली.

त्यानंतर ती हाताबाहेर गेली. रस्त्याकडे पाठ करून बसायची आणि कोणाची गाडी आली ते आवाजावरून सांगायची. वर निदानही करायची. "डॉक्टरकाकांच्या गाडीला खोकला झालाय, आणि ते आम्हाला औषध देतात." दोन गल्ल्या सोडून मिस्त्रींचं गॅरेज होतं. मिस्त्री मोठा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि आतलं दुखणं ऐकायचे. पोरीने ती विद्या उचलली. मास्तरीणबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "दुसऱ्यांच्या मुली कानात डूल घालतात. आमची स्क्रू-ड्रायव्हर घालते."

अठराव्या वर्षी तिने परवाना काढला. परीक्षा घेणाऱ्या साहेबाला गाडी मागे घेताना आरशात कसं बघावं ते हिनेच सांगितलं म्हणे. परत येताना मास्तर डावीकडे होते. मैदानापाशी तिने गाडीचा वेग कमी केला.

"बाबा, मांडी."

मास्तरांनी समोर पाहिलं. "बघू. पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली, त्याच्या पुढचीही आली. मास्तरांचे पाय खालीच. अख्ख्या जगाच्या मूर्खांना मांडी मिळत होती आणि हिला नाही.

"त्या बँकवाल्यांना घातलीत! खांबाची माफी मागणाऱ्यांना!"

"ते परके होते."

"म्हणजे?"

"म्हणजे समोर बघ."

हे ऐकताना ती कशी बसली होती ते फक्त मला माहीत आहे. तिला पदक नको होतं, गाडी नको होती, परवाना तर खिशात होता. या माणसाने एकदा पाय वर घ्यावेत, एवढंच हवं होतं. आणि ते मागून मिळत नव्हतं.

चोविसाव्या वर्षी तिने भंगारातून एक निळी गाडी ओढून आणली. मागच्या सीटमध्ये मांजरीने संसार थाटलेला होता. पिल्लं मोठी होईपर्यंत काम थांबलं. मग मिस्त्री आणि ती दोन वर्षं त्या गाडीखाली पडून होते. गाडी चालू झाली तेव्हा माझी बदली तिकडे झाली, कारण बुटकी अजून बुटकीच होती. मास्तरांनी निळ्या गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली.

"छान झालीये. पण मी बसणार नाही."

"का?"

"डावीकडे ब्रेक नाही."

"बाबा, ही शिकवायची गाडी नाही. माझी गाडी आहे."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी ती गाडीचे कागद करायला गेली असताना मिस्त्रींनी डावीकडे ब्रेकचं एक पेडल बसवलं. मास्तर स्वतः पाने हातात देत होते. मी त्या वेळी गॅरेजच्या गजावर वाळत होते, त्यामुळे गाडीखाली काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही.

पहिल्या फेरीत मास्तरांनी दर वळणाला पाय आपटला. पोरीचे ओठ मिटलेले, आणि खाली ती दगडासारखी. मला वाटलं, आता बाप-लेकीत कायमचं वाजणार. पण आठवड्याभरात काय झालं कोण जाणे, तिने मांडीचं नाव काढणं सोडलं. एकदम. मी मनाशी म्हटलं, हरली बिचारी.

मग दर रविवारची फेरी ठरून गेली. चौकात एखादी सायकल आडवी आली की मास्तरांचा पाय खाली जायचा.

"दाबलात?" पोरगी विचारायची.

"दाबला."

"बरं झालं. नाहीतर आज गेलोच होतो."

"तेच म्हणतो मी," मास्तर म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. चौदा वर्षं हेच संवाद. मला पाठ झाले होते.

दरम्यान पोरीने स्वतःचं गॅरेज टाकलं. मास्तरांची नजर कमी झाली, तसा त्यांनी भिंतीवरचा तक्ता उतरवला. गुडघे गेले. मग ते वाळत गेले, इतके की सीट टोचायला लागली. पोरीने मला स्वतःखालून काढून त्यांच्याखाली सरकवलं आणि स्वतः घडी केलेल्या टॉवेलवर बसायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी डावीकडे आले. तिथे एक विचित्र गोष्ट जाणवली. ब्रेक लागला की माणूस पुढे सरकतो, त्याच्यासोबत मीही सरकते. हा माझा धंदाच आहे. पण मास्तर पाय दाबायचे आणि आम्ही दोघं जागच्या जागी. पोरीने दाबला की मगच सरकायचो. मी म्हटलं, म्हाताऱ्याच्या पायात जोर उरला नाही.

शेवटच्या दिवसांत ती त्यांना दवाखान्यातून घरी आणत होती. मास्तरांना बोलवत नव्हतं. वळणावर पाय मात्र गेला.

"दाबलात?"

त्यांनी मान हलवली.

त्यानंतरच्या रविवारी डावीकडे कोणी नव्हतं. गाडी नेहमीच्या रस्त्याने नेहमीच्या वेगाने गेली. चौकात पोरगी म्हणाली, "दाबलात?" मग तिने रेडिओ लावला.

महिन्याभराने मिस्त्री पोरीच्या गॅरेजात आले. बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. म्हातारा माणूस असा उठबस करायला लागला की पोटात काहीतरी असतं.

"तुला एक सांगायचंय. मनाला लागतंय माझ्या," ते म्हणाले. "ते डावीकडचं पेडल आहे ना, ते कशालाच जोडलेलं नाही. सळई मी घातलीच नव्हती. मास्तरांनीच सांगितलं होतं. म्हणाले, नुसतं बसव, जोडू नको. पोरीला ब्रेकची गरज नाही, मला आहे."

मी तेव्हा त्या सीटवरच होते. माझ्यात काळीज नाही, कापूस आहे म्हणून बरं.

पोरगी हात पुसत होती. ते पुसणं तिने सावकाश पुरं केलं.

"माहितीये, काका. पहिल्याच आठवड्यात गाडीखाली गेले होते मी."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर त्यांनी तो ब्रेक खरंच जोडून घेतला असता."

मिस्त्री हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले. मग म्हणाले, "आता काढून टाकू का ते?"

"नको. जोडा."

"आता? कशाला?"

दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या. बेचाळीस वर्षं गाडी शिकवणाऱ्याशी संसार केला, पण चाकाला बोट लावलं नव्हतं. "बघतोस काय, मिस्त्री?" त्या म्हणाल्या. "मला शिकायचीये. दर वेळी हिला कुठे हाक मारत बसू?"

मिस्त्रींनी निमूटपणे सळई घातली.

सध्या मी उजव्या सीटवर आहे, मास्तरीणबाईंच्या खाली. ज्यांनी मला कोंबून कोंबून भरलं, त्यांनाच आता त्याची फळं भोगायला मिळतायत. मैदान तेच आहे. पोरगी डावीकडे, पाय पेडलवर. पेडलचं रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झालंय. ती ते बदलू देत नाही. परवा गाडी थरथरली तेव्हा मास्तरीणबाई दचकल्या, मग म्हणाल्या, "अगं, असं होतं होय? हे कधी बोलले नाहीत मला."

"तू विचारलंस कधी?"

थोड्या वेळाने त्यांनी विचारलंच. "तू मांडी कधी घालणार?"

"बघू," पोरगी म्हणाली. "पुढच्या वेळी."

माझी एक विनंती आहे, कोणीतरी ती वर पोहोचवावी. माझ्या मधोमध एक खळगा पडलाय. थोडा पोरीचा, थोडा मास्तरांचा, आता थोडा बाईंचा. कुठला कोणाचा ते मलाही सांगता येणार नाही. खोळ हवी तर बदला, विटलीच आहे ती. पण कापूस पिंजायला देऊ नका.

बरं, पुरे करते. बाईंनी पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकलाय, आणि पोरीचा पाय खाली चाललाय.