वरून दुसरं बटण

"काकू, हात मागे."

"अगं, पण अडकलंय त्यांचं."

"अडकू दे. त्यांचं त्यांना सोडवू दे."

काकूंनी पुढे केलेला हात नाखुशीनं आवरला. समोर स्टुलावर शिंपीकाका घामाघूम होऊन बसले होते. उजव्या हाताच्या चिमटीत धरलेलं शर्टाचं बटण काजापर्यंत येत होतं आणि ऐन वेळी निसटत होतं. पक्षाघाताला वर्ष होत आलं होतं. खांदा सुधारला होता, कोपर वाकत होतं. बोटं मात्र रुसून बसली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं करणाऱ्या माणसाला स्वतःचं बटण लावता येत नव्हतं.

"माझं बोलणंसुद्धा हीच पुरं करते," काका अडखळत म्हणाले.

"मग काय करू? तुमचं ऐकत बसले तर..."

"संध्याकाळ होईल," काकांनी काकूंचं वाक्य पुरं केलं आणि डाव्या गालानं हसले.

व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीलाही हसू आलं; पण बटण पुन्हा निसटलं आणि हसू तिथंच विरलं.

ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर सीमा ओलांडून दोन आठवड्यांच्या सेवेसाठी आली होती. बोली जवळपास एकच, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. गटातले तिला 'अर्धी डॉक्टर' म्हणत, तर काकू 'मास्तरीणबाई'. निघताना तिला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी येतं, ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल. इथे आल्यावर कळलं, की बोटांना वळण लागायला कित्येक महिने हवेत आणि तिच्या हातात आहेत फक्त हे दोन आठवडे. जवळपास दुसरं कुणी हे शिकवणारं नव्हतं. म्हणजे सगळी भिस्त काकूंवर.

आणि काकूंची माया आड येत होती. त्या घास भरवत, चपला घालत, सकाळी काका पुरते जागे व्हायच्या आत त्यांचा शर्ट गळ्यापर्यंत लावून टाकत.

"तुम्ही सगळं केलंत तर मेंदू तो हात विसरूनच जाईल, काकू. त्याला काम द्यायला हवं."

"तुला सांगायला काय जातंय? दुकान मी बघायचं, गिऱ्हाईक मी बघायचं. आणि हे असे धडपडतात ते... माझ्याच्यानं नाही बघवत."

"मग बघू नका. पण करूही नका. मी गेल्यावर कोण आहे इथं?"

काकू उठून मशीनच्या खणांपाशी गेल्या. दोऱ्याचं रीळ उगाचच या खणातून त्या खणात ठेवत राहिल्या.

प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत संध्याकाळी सगळे गोल करून बसत आणि दिवसभरात देवानं काय केलं याची साक्ष देत. कुणी मुलांना गाणी शिकवली होती, कुणी कुंपण रंगवलं होतं. तिची पाळी आली.

"आज काकांचा अंगठा पहिल्या बोटाला टेकला," ती म्हणाली.

सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही नव्हतं.

"मस्त!" गटाचा प्रमुख म्हणाला. त्याला सगळे दादा म्हणत. मनानं मोठा माणूस. स्वतःची गादी दुसऱ्याला देऊन फरशीवर झोपणारा. "पण रोज एकाच घरी का जातेस गं? त्या गल्लीत केवढी तरी माणसं आपली वाट बघतात."

"दादा, एका दिवसात माझं काहीच होत नाही. होतं असं नुसतं वाटतं."

"आपण बी पेरायचं. वाढवणारा तो आहे."

तिनं मान खाली घातली. सगळ्यांबरोबर डोळे मिटले, पण मनात प्रार्थनेऐवजी तक्रारच आली. बी पेरून लगेच बसमध्ये बसायचं, आणि पाणी घालायला ठेवायचं कुणाला? तर ज्यांना हात आवरत नाही त्यांना.

निघायच्या दिवशी सामान चढलं आणि सगळा गट निरोपाला शिंप्याच्या दुकानात शिरला. काका स्टुलावरच होते. शर्टाचं वरून दुसरं बटण चिमटीत होतं आणि आज ते अर्धं काजात शिरलं होतं. अर्धं! तिनं श्वास रोखला. काकू कपाटाला टेकून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. पण हात पुढे आला नव्हता. तो आज सकाळपासून आला नव्हता.

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"अरेरे, काका, किती त्रास! थांबा." दादा गुडघ्यावर बसला आणि एका झटक्यात त्यानं ते बटण लावलं. पाठोपाठ गळ्याचंही लावलं, कॉलर नीट केली. "बघा, कसे राजबिंडे दिसताय!"

"दादा!" ती ओरडली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"काय झालं?" दादाला खरोखरच कळलं नव्हतं.

सांगायला एक संध्याकाळ पुरली नसती. हॉर्न पुन्हा वाजला.

"काही नाही," ती म्हणाली.

"उपकार झाले, बाळा," काका दादाला म्हणाले. त्यांची चिमूट तशीच हवेत राहिली होती. दादानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. सगळ्यांनी डोळे मिटले. तिनं मिटले नाहीत. काकूंनीही मिटले नव्हते.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. मागे गाणं सुरू झालं. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली, "रडू नकोस गं, पुन्हा येऊ." ती रडत नव्हती. तिला कुणाला तरी बदडावंसं वाटत होतं, आणि बदडण्यासारखं तिथं कुणीच नव्हतं.

दुकानाचं दार उघडंच होतं. काकू काकांसमोर वाकल्या. त्यांचे हात शर्टाकडे गेले तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मग राहवलं नाही म्हणून पुन्हा पाहिलं.

काकूंनी गळ्याचं बटण काढलं. त्याखालचंही काढलं. त्या काहीतरी म्हणाल्या, ते काचेतून ऐकू आलं नाही. मग त्यांच्याकडे पाठ करून शिलाई मशीनवर बसल्या आणि पायानं मशीन सुरू केलं.

बस वळली तेव्हा काकांची मान खाली गेलेली होती आणि उजवा हात छातीपाशी हळूहळू वर येत होता.