समोरच्या घरचे फ्यूज

प्रभावतीने पदराला हात पुसले आणि सुभद्राबाईंच्या ओंजळीतले दोन्ही फ्यूज उचलून घेतले. पांढऱ्या चिनी मातीचे ते ठोकळे अजून कोमट होते. तिने ते फळीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवले आणि कंदिलाची वात जरा वर केली.

"ठिवलं?" सुभद्राबाईंनी उंबऱ्याबाहेरून विचारलं.

"ठेवलं."

"दोनी?"

"दोन्ही. आत्ता तुमच्याच हातातून घेतले ना, काकी."

मग सुभद्राबाईंनी वळून आळीपलीकडे आपल्या घराकडे नवऱ्याला हाक दिली, "अवं, करा चालू." हँडल फिरवल्याची घरघर ऐकू आली, इंजिनाने दोनदा ठसका दिला, आणि नानासाहेबांच्या शेडमधले दिवे लागले. सगळ्या चिंचवड गावठाणात अंधार आणि पाचशे पिल्लांच्या डोक्यावर उजेड, असा तो वीजकपातीचा हिवाळा होता. संध्याकाळी सातला वीज जायची ती नऊशिवाय यायची नाही.

नानासाहेबांची जमीन कंपन्यांत गेली त्याला दहा-बारा वर्षं झाली होती. उरला होता तो घरामागचा पट्टा. त्यावर त्यांनी कोंबड्यांची शेड घातली. पिल्लांना ऊब लागते, ती दिव्यांची. मार्गशीर्षात एका संध्याकाळी वीज गेली आणि सव्वाशे पिल्लं एकमेकांना बिलगून मेली. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून एक जुना जनरेटर आला, कुठल्याशा बंद पडलेल्या वर्कशॉपमधला. त्याच्याबरोबर दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर होती. एक टोक जनरेटरला लावायचं, दुसरं पडवीतल्या प्लगमध्ये खुपसायचं, की घर उजळलं. इतकं सोपं.

समोरचा भिवा वीज बोर्डात लाइनमन होता. नानासाहेबांनी कौतुकाने त्याला मशीन दाखवायला बोलावलं. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. मशीन पडवीतून उचलून बाहेर लिंबाखाली न्या, त्याचा धूर झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. दुसरं, खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून त्याला चांगलं अर्थिंग करा. आणि तिसरं, चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे बोर्डाची वीज तुटल्याशिवाय मशीनची घरात येणार नाही. पहिली गोष्ट नानासाहेबांनी त्याच दिवशी केली, दुसरी पंधरा दिवसांनी. तिसरीला म्हणाले, "आणू की पुण्याच्या तापकीर गल्लीतनं." आमच्याकडे 'आणू की' म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं.

भिवाने पुन्हा विषय काढला नाही. त्याच्या बापाचा जन्म नानासाहेबांच्या वडिलांच्या खळ्यावर गेला होता. भिवा अकरा हजारांच्या तारेला हात घालणारा गडी, पण नानासाहेबांपुढे त्याची जीभ उचलायची नाही. घरी येऊन मात्र त्याने प्रभावतीला सगळं सांगितलं. मेन स्विच वर राहिला आणि मशीन चालू झालं, तर ज्या वाटेने वीज घरात येते त्याच वाटेने ती उलटी बाहेर जाते. चौकातल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वर चढली की तिचे अकरा हजार होतात. आणि वीज गेली की लाइनमन खांबावर चढतो, कारण तार मेलेली आहे अशी त्याची समजूत असते.

"पलीकडच्या सेक्शनचा हेल्पर गेला तो असाच," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला.

प्रभावती देहूरोडची. बाप दारूगोळ्याच्या कारखान्यात, तिचं बालपण क्वार्टरमध्ये गेलेलं, सातवीपर्यंत शिकलेली. गावठाणातल्यासारखं खाली बघून बोलायची सवय तिला लागली नव्हती. भिवाची एक रीत तिला ठाऊक होती. चौकातल्या खांबावर चढण्याआधी तो तिथले फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा. कुणावर सोपवायचा नाही. वर चढणाऱ्याच्याच खिशात फ्यूज, मग खाली कुणी काहीही करो. पण दूरच्या तारेवर काम असलं की चौकातले फ्यूज जागच्या जागीच राहायचे.

दुसऱ्या दिवशी नळावर तिने सुभद्राबाईंना गाठलं.

"काकी, स्विच यायचा तेव्हा येऊ दे. तोवर वीज गेली की तुमच्या मेनचे फ्यूज माझ्या घरी ठेवा. वीज आली की घेऊन जा."

"तुज्या घरी?"

"ज्याचं माणूस खांबावर, त्याच्या घरी."

सुभद्राबाईंनी हंडा नळाखाली सरकवला. भरलेला हंडा कमरेवर घेताना एवढंच म्हणाल्या, "त्ये काढायचं कसं, दाव मला." त्याच संध्याकाळी त्या दारात उभ्या राहिल्या.

पहिले आठ दिवस त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. प्रभावती चहाचं विचारायची आणि सुभद्राबाई म्हणायच्या, "आत्ताच झाला." रोज संध्याकाळी सातला त्यांचा चहा आत्ताच झालेला असायचा. मग थंडी वाढली आणि त्या उंबऱ्यावर टेकल्या. मग एकदा ठसका लागला म्हणून पाणी घेतलं. आणि संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी त्या आत येऊन, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "आज च्या न्हाई का टाकलास, परभा?"

त्या दोन तासांत दोघी काय बोलायच्या? बहुतेक वेळा शेतांबद्दल. सुभद्राबाई एकेक वावर नावाने सांगायच्या. ज्या कंपनीचा भोंगा पहिल्या शिफ्टला वाजतो तिथं मळई होती. मळईतल्या हुरड्याला साखर लावावी लागायची नाही. रंगकाम चालतं त्या शेडखाली चिंचेचं वावर. गेटजवळ जिथं कामगारांच्या सायकली लागतात, तो बारवेचा तुकडा. प्रभावतीला ही नावं नवी नव्हती. तिचे सासरे शेवटच्या आजारपणात हीच नावं घ्यायचे. कुठल्या वावरात पायात बाभळीचा काटा मोडला, कुठल्या बांधावर पाऊस गाठायचा, हे सांगायचे. एकीच्या घरी त्या नावांना धान्य लागलेलं होतं, दुसरीच्या घरी घाम. पण नावं तीच होती, आणि ती घेणारी माणसं आता फार उरली नव्हती. सुभद्राबाईंना हे एकदा कळलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"तुजा सासरा मळईत मोट हाकायचा," त्या म्हणाल्या. "गळा गोड हुता त्येचा."

प्रभावतीला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. भिवालाही ठाऊक नव्हतं. त्या रात्री तिने त्याला सांगितलं तेव्हा तो नुसता हसला, पण झोपताना कितीतरी वेळ काहीतरी गुणगुणत होता.

फेब्रुवारीत सुभद्राबाई मुलीच्या बाळंतपणाला चाकणला गेल्या. त्या संध्याकाळी भिवा सायकल घेऊन रेल्वे गेटकडे गेला होता. तिथल्या खांबावरचं इन्सुलेटर फुटलं होतं आणि वीज जायच्या वेळेला ते बदलायचं होतं. सातला वीज गेली. प्रभावती भाकरीचं पीठ मळत होती. आळीपलीकडे इंजिनाने दोनदा ठसका दिला आणि दिवे लागले.

दारात कुणी आलं नव्हतं.

ती तशीच उठली. पिठाचे हात, पायांत काही नाही. आळी ओलांडून ती नानासाहेबांच्या ओट्यावर चढली, पडवीतून सरळ आत गेली. लग्न होऊन आल्यापासून त्या घराचा उंबरा तिने ओलांडला नव्हता. हे तिला आठवलं ते नंतर.

नानासाहेब आरामखुर्चीत ट्रान्झिस्टर लावून बसले होते.

"फ्यूज कुठे आहेत?"

"आँ?"

"फ्यूज. आधी मशीन बंद करा."

"अवो बाई, मेन खाली वढलाय मी. बघा की."

तिने पाहिलं. मेनचा दांडा खरंच खाली होता. तिने दाराची चौकट धरली. चौकटीला पीठ लागलं.

"मग फ्यूज का नाही आणून दिले?"

नानासाहेबांनी ट्रान्झिस्टरचा आवाज कमी केला. "घरात बाईमाणूस न्हाई आज. मी येऊ व्हय तुमच्या दारात?"

तिच्याजवळ एकच वाक्य होतं.

"ते रेल्वे गेटच्या खांबावर आहेत."

नानासाहेबांनी ट्रान्झिस्टर बंद केला. मग उठले, लिंबाखाली गेले. इंजिन थांबलं. अंधार झाला आणि शेडमधली पिल्लं एकदम चिवचिवायला लागली. बॅटरीच्या उजेडात त्यांनी फ्यूज उपसले आणि तिच्या हातावर ठेवले. ती घरी पोचेपर्यंत मागे इंजिन पुन्हा चालू झालं होतं.

भिवा साडेआठला आला, भुकेजलेला. तिने त्याला काही सांगितलं नाही. पहिली भाकरी करपली होती, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली. कुणाच्या घरात घुसल्याची लाज तिला वाटत नव्हती. तिला भीती वाटली होती, आणि भाकरी मोडणारे त्याचे दोन्ही हात बघताना ती हळूहळू उतरली.

त्यानंतर चौथ्या दिवशी नानासाहेब लोकलने पुण्याला गेले आणि चेंजओव्हर घेऊन आले. मनाला लागलं म्हणून आणला की घरात पुन्हा कुणी असं धावत शिरू नये म्हणून, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सुभद्राबाई परत आल्यावर, रविवारी, भिवाने तो बसवला. सगळ्यात आधी पक्कड घेऊन त्याने ती दोन पिनांची वायर तोडली. दुपारपर्यंत काम चाललं. मग त्याने सुभद्राबाईंना बोलावलं.

"दांडा वर, तर बोर्डाची वीज. खाली, तर मशीनची. मधे, तर कुणाचीच नाही."

"आन् दोनी एकदम?"

"कितीही जोर लावा, काकी. होणार नाही."

सुभद्राबाईंनी तीनदा दांडा वरखाली करून पाहिला. "म्हंजी फ्यूज काढायचं काम ऱ्हायलं न्हाई."

"नाही राहिलं."

प्रभावती आळीत उभी राहून ऐकत होती. तिला इतकं हलकं वाटलं की दुपारी तिने गोड शिरा केला.

सोमवारी सातला वीज गेली आणि तिने कंदील पेटवेपर्यंत समोर इंजिन चालूही झालं. चुलीवर आधण ठेवलं होतं, दोन कपांचं. तिने एक कप घेतला. मंगळवारीही तसंच झालं. बुधवारी तिने एकाच कपाचं आधण ठेवलं, आणि तो चहा तिला नको झाला. जे मागितलं होतं ते मिळालं होतं. रोज संध्याकाळी भिवा खांबावर चढत होता आणि तिला आता आळीकडे कान लावून बसावं लागत नव्हतं. मग हे घर इतकं गप्प का, हे तिला कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

गुरुवारी तिने साखर मागायच्या निमित्ताने वाटी हातात घेतली. दारापर्यंत जाऊन परत आली, वाटी फळीवर ठेवली, आणि रिकाम्या हातांनी आळी ओलांडली.

नानासाहेब पडवीत उंबऱ्याला पाठ टेकून बसले होते, पाय दारात आडवे पसरून. शेजारी ट्रान्झिस्टर बोलत होता.

"काय झालं?" ते जरा सावरून म्हणाले. "मशीन बराबर चाललंय. तुमच्याच नवऱ्यानं बशिवलंय."

"काही झालं नाही."

"मग?"

"उगाच आले," प्रभावती म्हणाली. "काकी आहेत?"

आत भांडी वाजत होती ती थांबली. नानासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे. तिथं पिठाची बोटं अजून पुसट दिसत होती.

"हाय की," आतून सुभद्राबाईंचा आवाज आला. "ये."

नानासाहेबांनी दारातले पाय आखडून घेतले आणि भिंतीकडे सरकून बसले. प्रभावती आत गेली.