वच्छलाकाकूचं हसणं

"तर थे बाई मले लिफ्टमधी विचारते, तुमचं बाळ कोणत्या क्लासला जातं? मी म्हटलं, बाई, थे सहा महिन्यांचं हाये. थे कुठंच नाई जात. संडासलेही नाई जात. जागेवरच आटोपते."

दामिनीने शेवटचा शब्द टाकला आणि थांबली. विनोद टाकून झाला की हसू उमटेपर्यंत कळ काढायची, घाई करायची नाही, ही तिची इतक्या वर्षांची सवय. ओट्यापाशी वच्छलाकाकू सांबारवडीचं कोथिंबिरीचं सारण परतत होती. तिची पाठ दामिनीकडे होती. आधी तिचे खांदे हलले, मग मान खाली गेली. आता येणार, असं दामिनीला वाटलं. पण काकूने पदराचं टोक दातांत धरलं, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग उलथणं कढईच्या काठावर आपटून म्हणाली, "चांगलं हाय. हासतीन लोकं."

मग तिची नजर टेबलावर गेली. दामिनीचा फोन तिथे पालथा पडलेला होता. काकूने गॅस बारीक केला. दामिनीने फोन सुलटा केला तर रेकॉर्डिंग चालू होतं. कधी लावलं ते तिलाच आठवेना. नवीन काही म्हणून बघायचं की फोन पालथा टाकायचा, हे बोटांनीच परस्पर उरकलेलं होतं. तिने ते घाईघाईने बंद केलं आणि मांडीवरच्या सुरुचीचं लाळेरं उगाचच सारखं करत बसली.

काकूचं हसणं ऐकत दामिनी मोठी झाली होती. आई कचेरीतून यायची ती दिवेलागणीला, म्हणून शाळा सुटली की दप्तर थेट शेजारी, काकूकडे. काकू एका इस्पितळाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. ड्यूटी करून आली की पाय धुऊन ओट्यापाशी उभी राहायची आणि म्हणायची, "हं, सांग. आज कोणाची फजिती झाली?" दामिनी शाळेतल्या बाईंची चाल करून दाखवायची, वर्गातल्या मुलींची भांडणं करून दाखवायची. काकूचं हसू सुरू व्हायचं ते आवाज न करता. खांदे गदगदायचे, डोळे मिटायचे, आणि मग श्वास आत ओढला जायचा तो कूलरच्या टाकीतलं पाणी संपल्यावर पंप ओढतो तसा, घरघरत, खरवडत. एवढं झालं की जवळ जो असेल त्याच्या मांडीवर थाप, आणि "अगं माय, मेली वं मी!" वॉर्डात म्हणे हे हसणं चार खोल्या पलीकडे ऐकू जायचं, आणि कळा देणाऱ्या बाया शिव्या देता देता मध्येच हसू लागायच्या.

दामिनीला पहिली प्रेक्षक मिळाली ती अशी. पुढे ती कॅफेतल्या ओपन माइकला, म्हणजे कोणीही उठून करावं अशा मंचावर, विनोद करू लागली तेव्हाही आधी सगळं काकूच्या स्वयंपाकघरात व्हायचं. या धंद्यात प्रत्येक प्रयोग रेकॉर्ड करतात. घरी येऊन ऐकायचा, हसू कुठे आलं, कुठे अर्ध्यात मेलं, ते तपासायचं. दामिनीने काकूचं हसणंही तसंच रेकॉर्ड केलं होतं. काकूला माहीत नव्हतं. मग मुंबईत, भाड्याच्या खोलीत, कानात इअरफोन घालून ती तो श्वास ओढायला शिकली. घसा सोलून निघाला, पण जमला.

आणि मग स्टेजवर तिने ती नक्कल केली, त्याची क्लिप गेली घरोघर. "वच्छलाकाकू" म्हणून. नाव बदलायचं तिच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण दुसरं कुठलंही नाव घेतलं की त्यातली मजा जायची. लोकांनी फोनच्या रिंगटोन केल्या, "मेली वं मी" लिहिलेले टी-शर्ट निघाले. लंडनच्या हॉलमध्ये मराठी माणसं ते ओरडली. पेपरात फोटो आला, त्याखाली छापलं होतं, वैदर्भीय विनोदाचा नवा चेहरा. त्या सगळ्यात काकूचा फोन यायचा तो एवढंच विचारायला, "जेवली काय वं?"

आज नागपुरात दुपारचा प्रयोग होता. आयोजकांनी हॉटेल दिलं होतं. आईबाबा आता पुण्याला भावाकडे, सुरुचीचा बाबा मुंबईत कामात अडकलेला. दामिनीने बॅग उचलली आणि मानेवाड्याला काकूकडे आली. लोकांना सांगितलं, बाळासाठी. खरंही होतं ते. पण एक मोठं माणूस आपल्याला "आलीस?" म्हणेल, एवढंही हवं होतं.

सुरुचीला अंगण दाखवायला म्हणून ती बाहेर आली. गिरिधरकाका कूलरच्या जाळ्या उतरवून त्यात नवा वाळा भरत बसले होते. ओल्या वाळ्याचा वास सुटला होता. सुरुचीने एक काडी पकडली आणि तोंडाकडे नेली, ती काकांनी हळूच सोडवून घेतली.

दामिनीने विचारलं, काकूची तब्येत बरी नाही का.

काका जाळीची तार पिळत बसले. मग आत भांड्यांचा आवाज येतोय ना, याचा कानोसा घेऊन हळू आवाजात त्यांनी सांगितलं ते असं, की गेल्या वर्षी काकू रिटायर झाली. इस्पितळात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. शाल, नारळ, सगळं झालं. नवी जांभळी साडी नेसून गेली होती. मग कोणीतरी हौसेने माइक तिच्या हातात दिला आणि म्हणालं, बाई, आमच्यासाठी एकदा ते हसून दाखवा. डॉक्टर लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी फोन वर धरले. काकू नाही म्हणाली, पण पोरी ऐकेनात. शेवटी तिने केलं. सांगितल्यावर हसू येतं थोडंच. तिने तसा श्वास ओढून बघितला, कोरडाच. मांडीवर थाप मारायला शेजारी कोणी नव्हतं, तर स्वतःच्याच मांडीवर मारली.

"अन् समोरची एक नर्स म्हणे, बाई, दामिनी करते तसं नाई आलं." काका जाळीकडे बघत म्हणाले. "पोरगी चांगली हाय थे. तिच्या मनात काही नव्हतं. सारेच हासले. ही पण हासली तोंड मिटून. तवापासून मिटलेलंच हाय."

दामिनीला काहीतरी म्हणायचं होतं, पण जिभेवर आलं ते सगळं स्टेजवरचं होतं. सुरुची वाळ्याकडे हात करून किंचाळत होती.

"तिले नको सांगजो मी बोललो म्हणून," काका म्हणाले आणि जाळी उचलून कूलरला लावायला गेले.

प्रयोगाला निघण्याआधी दामिनी स्वयंपाकघरात गेली. काकू गरम पाण्यात वाटी-चमचा बुडवून काढत होती. सुरुचीसाठी दूध काढून ठेवलं का, पेज कधी द्यायची, झोपताना हिला काय लागतं, हे तिने एका दमात विचारून घेतलं. दामिनीने सगळं सांगितलं. मग म्हणाली की आज ती काकूचं ते करणार नाही.

"काहून?" काकूने वळून पाहिलं. "लोकं त्याच्यासाठीच येऊन राहिले ना."

"मी तुले विचारलं नव्हतं, काकू. तुह्या नकळत फोनमधी घेतलं होतं मी."

काकूने वाटी पुसली. फडक्याने नाही, पदरानेच, हळूहळू, आतून बाहेरून. दामिनीला वाटलं, आता ही विषय बदलेल. तिने बदलला नाही.

"चूक नाई केली, असं नाई म्हणत मी," काकू म्हणाली. "पण राग नाई वं. राग असता तर पोरगी ठेवून घेतली असती काय तुही? येतच नाई मले आता, काय करू. पोटातून येऊन राहिलं असं वाटते, अन् मंग मले तुह्यावालं आठवते. वाटते, मी तुही नक्कल करून राहिली."

दामिनीने तिचा हात धरला. हात ओला होता. काकूने तो धरू दिला, थोडा वेळ, आणि मग सोडवून घेत म्हणाली, "जाय. उशीर नको करू. दूध पुरते, मी बघतो."

नागपुरी बायका अशा कधी कधी पुरुषासारखं "बघतो" म्हणतात, तेव्हा विषय संपलेला असतो.

हॉल भरला होता. आपल्या गावची पोर म्हणून लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दामिनीने लिफ्टमधली बाई केली, बाळाचं नाव ठेवताना झालेलं भांडण केलं, पंचेचाळीस डिग्रीत मुंबईकर पाहुणा नागपुरात येतो ते केलं. हसू लाटेसारखं येत होतं. एरवी तिला यात पोहायला आवडायचं. आज प्रत्येक हसण्यात ती एकच आवाज शोधत होती, आणि तो इथे नसणार हे तिला ठाऊक होतं.

शेवटाकडे आल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "काकू!" मग आणखी कोणी. मग सगळे. दामिनीने हात वर केला आणि सांगितलं की आज ते नाही करणार, तुमची माफी मागते. लोकांना वाटलं हा विनोदाचाच भाग आहे. ते आणखी हसले. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी हसू न आणता. तेही त्यांना भारी वाटलं.

आणि मग तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने सुरुवात केली. आधी खांदे गदगदवले, डोळे मिटले, आणि श्वास ओढला, घरघरत, खरवडत. बरोबर जमला होता. शेजारणीने ओढला. कॉलेजच्या मुलांनी ओढला, म्हाताऱ्यांनी ओढला. सगळा हॉल एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होता, आणि "मेली वं मी!" छताला जाऊन आदळत होतं. प्रेमाने करत होते सगळे. एकाही चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. दामिनी माइक खाली धरून उभी राहिली. परत घ्यावं असं तिच्या हातात काही उरलंच नव्हतं.

त्या आवाजाने तिला पान्हा फुटला. सुरुचीची पाजायची वेळ कधीच टळून गेली होती. ओढणी पुढे ओढून घेत तिने वाकून नमस्कार केला. लोकांना वाटलं, पोरगी भारावली.

आयोजक खूश होते. असा शेवट आपण बघितलाच नव्हता म्हणाले, पुढच्या प्रयोगांना असंच करा. दरवाजाशी एका बाईने फोन समोर धरला, ताई, माझ्या सासूबाईंसाठी एकदाच. दामिनी म्हणाली, बाळ वाट बघतंय. बाईने लगेच फोन खाली घेतला. बाळाचं म्हटलं की लोक सोडतात. पुढे गाडीत बसेपर्यंत तेच कारण तिने आणखी दोघांना दिलं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, आपण आता पोरीलाही वापरायला लागलो.

मानेवाड्याला पोचली तेव्हा उन्हं नुकतीच उतरली होती. काकांची सायकल अंगणात नव्हती. कूलर सुरू होता, वाळ्याचा गार वास फाटकापर्यंत येत होता. फाटक लोटलेलंच होतं. तिने आवाज न करता ते उघडलं, सुरुची झोपली असेल म्हणून चपला हातात घेतल्या, आणि पायरीवर आली.

आतून आधी सुरुचीचा आवाज आला. खिदळत होती. मग एक शिंक आली, काकूची, मुद्दाम मोठी केलेली. पुन्हा खिदळणं. पुन्हा शिंक. आणि मग काहीच नाही. दामिनीला ती शांतता ओळखीची होती. खांदे हलत असणार, डोळे मिटले असणार.

आणि तो श्वास आला. घरघरत, खरवडत, थांबत, पुन्हा ओढत. हॉलमधल्या कोणालाच तो तसा जमला नव्हता. दामिनीलाही नव्हता, इतकी वर्षं करूनही. मध्ये कुठेतरी एक बारीकशी शीळ होती, ती तिने कधी ऐकलीच नव्हती. "अगं माय," काकू आत म्हणत होती, "अगं माय, काय पाह्यतं वं तू माह्याकडं? मेली वं मी."

दामिनीचा हात पर्समध्ये गेला होता. फोन बोटांना लागला तेव्हा तिच्या ते लक्षात आलं. तिने हात बाहेर काढला, पर्स खांद्यावरून उतरवली आणि तुळशीच्या कुंडीपाशी जमिनीवर ठेवून दिली. मग खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कुर्ता पुढून पार ओला झाला होता. आत जायला हवं होतं, पोरगी भुकेली असेल. तिने आणखी एक हसणं ऐकलं. मग आणखी एक.

दार लोटून आपण एकदम आत गेलो तर काय होईल, ते तिला दिसत होतं. पदर दातांत जाईल. मांडीवरची थाप हवेत राहील. काकू आपली चोरी पकडल्यासारखी उठेल आणि म्हणेल, आली काय, हात-पाय धू.

ती आली तशीच, अनवाणी, फाटकापर्यंत परत गेली. बाहेर रस्त्यावर जाऊन तिने चपला पायात घातल्या. मग फाटक जोरात लोटलं, कडी दोनदा वाजवली, आणि अंगणातून पाय घासत, मोठ्याने खाकरत चालू लागली.

आतलं एक हसू थांबलं. दुसरं, लहानगं, कोणाचंच न ऐकता तसंच चालू राहिलं.