गोजरबाईच्या गुटीचं लेबल

गोजरबाईची बाळगुटी राहात्याच्या बाजारात आणि आसपासच्या दहा-बारा गावांत नावाजलेली होती, आणि त्या गुटीत काय होतं म्हणाल तर विशेष काहीच नव्हतं. मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, वेखंड आणि बाळहिरडा. कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा माल. खरी करामत होती पुडी देताना ती घालायची त्या अटींत. गुटी सासूनंच उगाळायची. सहाणेवर दर जिनसेला वीस, असे शंभर वेढे, मोजून. उगाळायला पाणी चालत नाही, आईचंच दूध लागतं. ते यावं म्हणून सुनेनं आधी पोटभर गरम खायचं आणि सासूचे वेढे संपेपर्यंत पोराला पदराखाली घेऊन पाटावर बसायचं, जागचं हलायचं नाही. असं दिवसातून तीनदा, तीन महिने. यातलं एक जरी चुकलं तर गुण येणार नाही.

सासवा नातवासाठी हात दुखेस्तोवर उगाळायच्या, सुना तेवढ्यात जेवायच्या, टेकायच्या आणि पोरं बाळसं धरायची. लोक म्हणायचे, म्हातारीच्या हाताला गुण आहे. म्हातारी तोंडाला पदर लावून हसू दाबायची.

गाडं अडलं ते राहीबाईच्या दारात. राहीबाईची पाचही बाळंतपणं गोजरबाईनंच केलेली, त्यामुळे राहीबाईला अगंतुगं करायचा आणि दोन शब्द सुनावायचा तिला हक्क होता. राहीबाईची सून चांगुणा दोन महिन्यांपूर्वी बाळंत झाली होती. बारसं उरकलं न उरकलं तोच ती पेरूच्या बागेत निंदायला जुंपली गेली. गोजरबाई पुडी घेऊन गेली, तर राहीबाईनं कौतुकानं एक डबा तिच्यापुढं ठेवला. लहान पोरांच्या दुधाच्या पावडरीचा, थेट नगरहून आणलेला.

"तुजी पुडी ऱ्हाऊ दे आता, आक्का," राहीबाई म्हणाली. "ह्यो बघ डबा! कसं समदं छापून दिलंय. तुज्या पुडीवर काय हाय? बिडीची जाहिरात."

पुडी वर्तमानपत्राच्या कागदात होती, हे खरं. डब्यावर मात्र एक गोरंपान, गोबऱ्या गालांचं बाळ हसत होतं आणि त्याच्याभोवती सगळी इंग्रजी. राहीबाईला मराठीही वाचता येत नव्हतं, तेव्हा इंग्रजीची तिला वेगळी अडचण नव्हती. डबा पडला महाग, म्हणून तांब्याभर पाण्यात एक चमचा पावडर ती घालायची, तोही सपाट. डब्यावरचं बाळ गुटगुटीत आहे म्हटल्यावर घरातलं होणारच, असा तिचा हिशेब.

गोजरबाईनं घरातलं बाळ उचललं. जन्मताना हातात घेतलं तेव्हा ते याहून जड होतं.

"राहे, ह्ये लेकरू नुसतं पानी पितंय. चांगुणाला घरी बसव. खाऊ घाल, अंगावर पाजू दे."

"तिला दूधच न्हाई."

"आडात न्हाई तर पोहऱ्यात कुटनं येनार?"

"आमी बाळंतिणी न्हवतो का? आमी बागंत गेलो न्हाई?" राहीबाईनं डबा उचलून फळीवर ठेवला आणि बोलणं तिथंच संपलं.

त्या आठवड्यात गोजरबाईला अन्न गोड लागलं नाही. पोर असंच पाण्यावर राहिलं तर आषाढ बघणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. बाजारात तिच्या पाटीसमोर खाकी पिशवी लटकवलेला एक तरणा साहेब येऊन उभा राहिला. शमशेर शेख, खाण्याच्या जिनसा तपासणारा इन्स्पेक्टर, नवाच बदलून आलेला. एवढा सरळ मनुष्य की नियमात नसलेलं हसूसुद्धा हसायचा नाही.

"आजी, लेबल कुठंय?"

"कसलं?"

शेखसाहेबांनी पिशवीतून पुस्तक काढलं. लहान मुलांच्या पोटात जाणारी वस्तू लेबलाशिवाय विकता येणार नाही. नाव हवं. घटक हवेत, जो सर्वांत जास्त तो सर्वांत आधी. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा. वापरायची रीत हवी. "आणि वस्तू जिथं बनते ती जागा मी स्वतः तपासतो," ते म्हणाले. "पुढच्या बाजारी लेबल दिसलं नाही तर पाटी जप्त."

गोजरबाई तडक शाळेत राधाकृष्ण गुरुजींकडे गेली. गुरुजींनी दौत-टाक पुढं ओढला खरा, पण म्हातारी बोलेचना. घटक लिहायचे म्हणजे झाकली मूठ उघडायची. पाच जिनसांची नावं कळली की सासवा त्या आणणार, उगाळायला सुनेलाच बसवणार, तेही पाण्यात. चाळीस वर्षांची करामत एका चिठोऱ्यापायी मातीत जाणार.

"बोला आजी. सगळ्यात जास्त काय असतं गुटीत?" गुरुजींनी विचारलं.

गोजरबाई सांगायला गेली आणि थबकली. सगळ्यात जास्त? मुरुडशेंगेचे वीस वेढे म्हणजे नखभर लेप. जायफळ त्याहून कमी. पाजायचं बोंडलं भरून असतं ते...

"लिवा गुरुजी," ती सावरून बसली. "एक नंबर, आईचं दूध."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"खोटं हाय का? मागनं पाची काष्टं लिवा, आन रीतीत सासूचं शंभर वेढं. आन बनवनाऱ्याचं नाव दोघींचं टाका. काष्टांची गोजरबाई. दुधाची चांगुणा, राहीबाईची सून, पेरूच्या बागंजवळ."

पुढच्या बाजारी शेखसाहेबांनी लेबल हातात घेतलं. पहिली ओळ वाचली आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. वय सत्तावीस, लग्न अजून ठरायचं होतं.

"आजी, हे... हे पुडीत नाही. जे पुडीत नाही ते लेबलावर लिहिणं गुन्हा आहे."

"मंग पोराला कोरडी काष्टं चाटवू व्हय? त्याच्याबिगर गुटी हुतच न्हाई, सायेब. तुमीच म्हनला, जास्त ते आधी. काढून टाकलं तर ते खोटं लेबल."

साहेबांनी पुस्तक चाळलं. पुढून चाळलं, मागून चाळलं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी हा विचार केलेला दिसत नव्हता.

"मग तो घटक आहे," अखेर ते कष्टानं म्हणाले.

"आन जिथं बनतं ती जागा तुमी तपासता. चला की. सायकल हायेच तुमची, मी येते मागनं."

साहेबांना दुसरा रस्ताच राहिला नाही. नियमावर बोट ठेवणाऱ्याचं बोट नियमातच अडकलं होतं.

खाकी पिशवी अंगणात शिरलेली पाहताच राहीबाईनं पावडरीचा डबा पदराखाली घेतला. सरकार नक्की कशासाठी आलंय हे कळेपर्यंत काहीही लपवलेलं बरं, हा तिचा अनुभव.

साहेब खाटेच्या कडेला बसले, वही उघडली आणि वहीतच डोळे घालून म्हणाले, "या जागेत बाळाच्या गुटीचा मुख्य घटक तयार होतो, असं लेबल आहे. जागेच्या मालक कोण?"

"मीच," राहीबाई घाबरत म्हणाली.

"घटक बनवणाऱ्या बाई कुठं आहेत?"

"निंदायला गेल्यात," गोजरबाईनं परस्पर सांगितलं. "बांधावरनं हाक मारते."

चांगुणा आली ती धापा टाकत, हातात खुरपं, डोळे खोल गेलेले. पोर रडत होतं, पण रडायलाही त्याला जोर नव्हता. साहेबांनी मान वर केली नाही.

"कच्चा माल काय वापरता?"

"म्हंजी?"

"म्हणजे... सकाळपासून बाईंनी काय खाल्लं?"

चांगुणानं सासूकडं पाहिलं, मग खुरप्याकडं. "चा पिले," ती म्हणाली. "आन राती भाकरी हुती उरल्याली. चतकोर."

साहेबांनी लिहिलं: चतकोर. लिहून त्यांनी त्या शब्दाकडं पाहिलं, आणि आता मात्र वहीतून डोळे वर आले. मनुष्य नियमाचा होता, पण दगडाचा नव्हता.

"चतकोर? अहो, एवढ्या मालात एवढं मोठं काम कसं होईल? आमच्या नियमात हे बसत नाही!" आवाज चढलेला पाहून त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. "मी लेखी सूचना देतो. दिवसातून तीनदा..."

"ताजी भाकरी, तूप, मेथी, डिंकाचा लाडू," गोजरबाई मागून सांगत गेली आणि साहेब लिहीत गेले. "बागंत जानं बंद. गुटी सासूनं उगाळायची, शंभर वेढं. पोराला डब्याचं पानी बंद."

"जागेच्या मालकांनी इथं अंगठा द्यायचा," साहेब म्हणाले.

राहीबाईनं अंगठा शाईला लावला आणि तो कागदावर अधांतरीच राहिला. मग तिचा चेहरा एकाएकी वाकडा झाला.

"सायेब, माजी पाच झाली. दोन गेली. धा दिसाची वल्ली बाळंतीन आसून मी मोटंवर हुते. तवा का न्हाई आलं कुनी तपासाया?"

साहेबांनी पुस्तकाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

ती दोन्ही पोरं गोजरबाईनं आपल्या हातांनी न्हाऊ घातली होती. "राहे," ती म्हणाली, "तवा मी नुस्ती काष्टं उगाळून द्यायचे गं. मला अक्कल न्हवती. तुजं दुसरं लेकरू गेलं, तवापासनं मी ह्या शंभर वेढ्यांची अट काढली. गुटीत काय बी न्हाई. जे हाय ते बाळंतिनीच्या बसन्यात हाय."

राहीबाईनं अंगठा टेकवला, पदराखालचा डबा कोनाड्यात ठेवला आणि चुलीपुढं जाऊन परातीत पीठ घेतलं.

भाकरी टम्म फुगली. तिनं ती तव्यावरून थेट चांगुणाच्या ताटात टाकली, वर तुपाचा गोळा सोडला. चांगुणा पाटावर बसली, पोर पदराखाली गेलं, थोडं धडपडलं आणि चुटूचुटू ओढायला लागलं. एक भाकरी संपली तशी सवयीनं चांगुणा उठायला लागली.

"बस गं," राहीबाई तव्यावरची नजर न काढता खेकसली. "आजून एक घे. सायेब लिवतोय न्हवं."

साहेबाची सायकल तोवर राहात्याच्या रस्त्याला लागली होती. चांगुणानं मोकळ्या अंगणाकडं पाहिलं, सासूच्या पाठीकडं पाहिलं आणि ताट पुढं केलं.