वाऱ्यात लोंबणारा राजवाड्याचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, पण एका जागी बसणं काही माझ्या नशिबात नाही. बसलो होतो एकदा! मंगोल खानाच्या राजधानीत, काराकोरमला, त्याच्या राजवाड्यात, एका भल्यामोठ्या लाकडी खांबाखाली. वर हिरवी-पिवळी चकचकीत कौलं, भोवती मातीचा तट, चार वेशी आणि प्रत्येक वेशीपाशी बाजार. वाटलं, आता हलायचं नाही.

पण राजधानीच उठून दुसरीकडे गेली. पुढे आगी लागल्या, खांब जळाला, मी फुटलो. माझे सोबती लोकांनी मठाच्या भिंतीसाठी नेले. मी तुटका, मला कोण विचारतो?

कितीतरी शतकं मी गवतात पडून होतो. मग तिथल्या एका मेंढपाळ म्हातारीच्या, खांडमाआजीच्या सासऱ्यांनी मला उचललं. वादळात त्यांचा नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा तंबू उडू नये म्हणून घोड्याच्या केसांच्या दोराने मला छताच्या कड्याला टांगलं. वर्षातून चार मुक्काम! दर वेळी मी गाडीत, पुन्हा दोरावर.

गेल्या वसंतात राजवाड्याच्या जागी चाललेल्या उत्खननातली एक बाई आली. खारट चहा पिता पिता वर बघतच राहिली.

"आजी, हा राजवाड्यातला दगड आहे. संग्रहालयात द्याल?"

"एवढी वर्षं राजाला आठवण नाही झाली," आजी म्हणाली. "बरं, उद्या ने."

नात नोमिनने लगेच मला सोडवलं, घासूनपुसून निळं रेशीम बांधलं आणि मानाने बाहेर गाडीत ठेवलं. बदली दगड टांगायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

दुपारी वादळ आलं. तंबू एका बाजूने उचलला जाऊ लागला. आत कालच जन्मलेली अकरा कोकरं होती. आजी दोराला लोंबकळली.

"आजी, तू दगडाएवढी जड नाहीस गं."

"तोंड नको चालवू, पाय चालव."

नोमिनने मला पोटाशी धरून आत आणलं, रेशमासकट बांधलं. दोर ताणला गेला, आणि तंबू खाली बसला.

दुसऱ्या दिवशी नदीतला एक गोटा माझ्या जागी आला आणि मी संग्रहालयात. इथे मला क्रमांक आहे, काच आहे, लोक वाकून बघतात. जुन्या दगडांना असंच जपा, मित्रांनो. पण बाहेर वारा सुटला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. तो गोटा फार गुळगुळीत आहे. तिकडे गेलात तर त्याची गाठ तेवढी बघून या.