पहारा कोणी बंद केला

बाबांचा आवाज जायच्या दोन दिवस आधी, शनिवारी सकाळी, त्यांचं आणि मन्नूबिया आत्याचं ऑक्टोपसवरून भांडण चाललं होतं. अंगणातल्या दोरीवर आठ-दहा ऑक्टोपस वाळत घातले होते आणि मांजरानं त्यातल्या एकाचे दोन पाय पळवले होते.

"दोरी वर बांध म्हणून सांगितलं होतं तुला," बाबा म्हणाले.

"पूर्वी तू खाकरलास तरी मांजर पळायचं, फ्रेज. आता त्याला वाटतं, आपलाच कुणी भाऊबंद गुरगुरतोय."

बाबा हसले, मग बराच वेळ खोकले. घशातल्या गाठीनं त्यांचा आवाज जाड आणि फाटका झाला होता. सोमवारी समुद्रापलीकडच्या स्फॅक्स शहरातल्या इस्पितळात त्यांचा कंठ काढायचा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की श्वासासाठी मानेला भोक राहील आणि बोलणं कायमचं संपेल. घरात यावर कुणी बोलत नसे. मांजरावर बोलत.

म्हणून तो सगळा उन्हाळा बाबा संगणकासमोर बसले होते. आमच्या केरकेना बेटाभोवतीचा समुद्र उथळ आहे. मैलभर चालत गेलं तरी पाणी कमरेला लागतं. त्या पाण्याखालच्या प्रत्येक उंचवट्याला, खड्ड्याला, ओढ्यासारख्या वाटेला नाव आहे. सासूची चूल. आंधळी वाट. दोन बहिणी. ही नावं कुठल्या नकाशात नाहीत. जे शर्फिया लावतात, म्हणजे समुद्रात खजुरीच्या झावळ्यांची भिंत रोवून मासे धरतात, त्यांनाच ती ठाऊक. बाबांच्या पिढीतले बाबा धरून चौघे उरले होते, त्यातल्या बाकी तिघांना आता स्वतःचं नावही आठवत नव्हतं. बाबांनी एकेक नाव बोलून ठेवलं होतं. ते कुठं आहे, तिथं कसं पोचायचं, कुणी ठेवलं, तिथं कोणता मासा वळतो. चारशे बारा नावं, चारशे बारा ध्वनिफिती.

मी स्फॅक्सच्या वाचनालयात काम करते. दर शनिवारी फेरीबोटीनं बेटावर यायचे. बाबांना मदत म्हणून मी एक काम अंगावर घेतलं होतं, त्या फितींमधला खरखराट काढायचं. पंख्याचा आवाज होता, कोंबड्या होत्या, गल्लीतली मोपेड होती, आणि सगळ्यांच्या वर बाबांचा श्वास.

खरखराट काढणारा चांगला प्रोग्रॅम परदेशी होता. तो विकत घ्यायची माझी तयारी होती. पण आमच्या दिनारच्या कार्डावर परदेशात काही घेता येत नाही. बँकेत अर्ज करा, थांबा, मग नकार घ्या. त्यामुळे इथं कुणीच काही विकत घेत नाही. डॉक्टर, वकील, शाळा, आमचं वाचनालयसुद्धा, सगळे कुलूप फोडलेले प्रोग्रॅम वापरतात. कुणाला त्यात चोरी वाटत नाही. आणि त्या प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी येते: आधी संगणकाचा पहारा, म्हणजे विषाणू पकडणारा प्रोग्रॅम, बंद करा, तो उगाच ओरडतो. खरंच तो उगाच ओरडायचा. दहा वर्षं मी तो बंद करत आले होते, दुसऱ्यांनाही तसंच शिकवलं होतं.

दुपारी ओहोटी लागली तेव्हा बाबा शेजाऱ्याच्या नावेतून शर्फियावर गेले. आता कितीतरी दिवस जाता येणार नव्हतं. ते गेल्यावर मी प्रोग्रॅम उतरवला. पहाऱ्यानं लाल पाटी दाखवली. मी तो बंद केला. खरंच बंद करायचा का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

प्रोग्रॅम उत्तम चालला. बाबा ओल्या पायांनी परत आले तेव्हा मी त्यांना 'सासूची चूल' ऐकवली. पंखा गेला होता, कोंबड्या गेल्या होत्या. एका माणसाचा आवाज खोलीत उभा होता.

बाबा दारातच थांबले. "हा तर मी लग्नातला!"

"लग्नात तू बोललासच कुठं?" आत्या म्हणाली. "घामच पुसत होतास."

"राहिलेल्या पण कर, रौदा. सगळ्या कर."

सगळ्यांना काही दिवस लागणार होते. मी त्या रांगेला लावून दिल्या. दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती, ती नेहमीप्रमाणे संगणकाला जोडलेलीच होती. ती काढून कपाटात ठेवू का, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "नाव धक्क्याला बांधलेली बरी. सुटी ठेवली की हरवते." रविवारी पहाटेच्या बोटीनं आम्ही निघालो. संगणक चालूच ठेवला.

बारा दिवसांनी परत आलो. बाबांच्या गळ्यात पट्टी होती आणि मांडीवर शाळेतल्या पोरासारखी पाटी. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी पाटीवर लिहिलं: "झालं का?"

पडदा काळा होता आणि त्यावर चार ओळी होत्या. तुमच्या सर्व फायलींना कुलूप लावलं आहे. किल्ली आमच्याकडे आहे. या पत्त्यावर लिहा. चारशे बारा नावांच्या शेपटीला तीच सहा निरर्थक अक्षरं लागली होती. डिस्कवरच्या प्रतींनाही.

मी तिथंच उभ्या उभ्या फोनवरून त्या पत्त्यावर लिहिलं. मिनिटभरात माझंच पत्र परत आलं. असा पत्ता अस्तित्वात नाही.

"म्हणजे?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे त्यांचा पत्ता कुणीतरी बंद केलाय. किंवा तेच गेलेत."

"चोर पण नाही?" आत्या मटकन पायरीवर बसली. "अगं, चोर तरी असायला हवा होता. त्याच्या पाया पडलो असतो."

दुसऱ्या दिवशी संगणक घेऊन आम्ही बेटावरच्या रमला गावी वजदीच्या दुकानात गेलो. वजदी फोन आणि संगणक दुरुस्त करतो. त्याचे वडीलही शर्फियावाले होते. बाबा स्टुलावर बसले. वजदीनं तासभर पाहिलं, दोनदा चहा मागवला आणि दोन्ही वेळा गार होऊ दिला.

"काका, हे विषाणूतलं नाही," तो शेवटी म्हणाला. "विषाणू म्हणजे नावेच्या बुडाला चिकटलेली शिंपली. नाव जाईल तिकडं जाते, दुसऱ्या नावेला लागते. किडा म्हणून एक असतो, तो आपला आपण पोहत येतो. हे तसं नाही. हे आपल्या मडक्यासारखं. ऑक्टोपससाठी सोडतो ना आपण? त्याला वाटतं, घर मिळालं. जाळं नाही, गळ नाही, कुणी ढकलत नाही. तोच आपल्या पायांनी आत जातो."

बाबांनी मान हलवली. मडक्याचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"आणि कुलूप?" मी विचारलं.

"कुलूप खोटं नाही ना, ताई. बँका वापरतात तेच. जगातले सगळे संगणक आपल्या आयुष्यभर बसवले तरी उघडायचं नाही. किल्ली ज्यानं बनवली त्याच्याकडेच. डिस्क टाकू नका मात्र. कधी कधी पोलीस अशा लोकांना धरतात, किल्ल्या बाहेर येतात. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. कधीच नाही, असंही होतं." त्यानं पडदा आमच्याकडे वळवला. "पण एक कळत नाही. पहारा होता. चांगला होता. तो हातानं बंद केलाय. हे बघा, शनिवार, चार वाजून दहा मिनिटं. पहारा कोणी बंद केला?"

 मी ते वाक्य जुळवत होते, खरंच जुळवत होते. तेवढ्यात खडूचा आवाज आला.

बाबांनी पाटीवर लिहिलं होतं: "मी. काहीतरी दाबलं गेलं."

"असू दे हो काका," वजदी म्हणाला. "माझ्या बापानं तर अख्खा फोन तळला होता कढईत. वरच्या खिशातून पडला, आणि वर म्हणतो, मासा कडक का झाला!"

बाबांचे खांदे हलले. कंठ नसलेला माणूस हसतो तेव्हा फक्त हवा येते.

त्या शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी बाबा पाण्यात होते, किनाऱ्यापासून दोन मैलांवर. हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. पहारा कुठून बंद करतात हे त्यांना कधी कळलंही नसतं.  तरी मी संगणक उचलला, वजदीचे आभार मानले आणि बाबांचा हात धरून त्यांना रस्त्यापलीकडे नेलं.

त्यानंतर ते सात महिने जगले. वहीत नावं लिहायचा त्यांनी प्रयत्न केला. एकतीस झाली. पूर्वी बोलताना ते हातानं पाणी दाखवायचे, डोळे मिटायचे, दोन नावांच्या मधे दिशा आपोआप यायची. लिहिताना ती येत नव्हती. तीन ओळी लिहून ते वही माझ्याकडे सरकवत आणि मान हलवत. मी विचारायचे, "आंधळ्या वाटेच्या पुढं काय, बाबा?" ते ओठ हलवायचे. मला ओठ वाचता येत नव्हते.

त्या फिती माझ्या कानांवरून पन्नासदा गेल्या असतील. लोकांना वाटतं, मला तरी काही आठवत असेल. मी पंखा ऐकत होते. कोंबड्या ऐकत होते. जे काढून टाकायचं तेवढंच मी लक्ष देऊन ऐकलं.

दर शनिवारी बोटीवर चढले की ठरायचं, आज सांगायचं. घरी पोचले की बाबांनी माझ्यासाठी सुकी अंजिरं निवडून ठेवलेली असायची. एकदा मी "बाबा, त्या पहाऱ्याचं..." एवढं म्हणालेसुद्धा. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं: "आत्याला सांग, सातूच्या कुसकुसात मीठ कमी पडलं." मी आत्याला सांगायला गेले. इतकी सोपी सुटका मिळाल्यावर कोण थांबतं?

मे महिन्यात ते गेले. किल्ली आलेली नाही. जिथं सापडलेल्या किल्ल्या जाहीर होतात तिथं मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाहते. त्या सहा अक्षरांसमोर अजून तेच लिहिलेलं असतं, उपाय नाही.

चाळिसाव्या दिवशी आत्या आणि मी कबरस्तानात गेलो. ते समुद्राला लागूनच आहे. ओहोटी होती, पाणी दूर गेलं होतं, उन्हाळ्याची मासेमारीबंदी असल्यानं शर्फियांच्या जागी नुसत्या काठ्या उरल्या होत्या. आत्यानं कबरीवर पाणी शिंपडलं, पाखरांसाठी दाणे टाकले, आणि समोरच्या उथळ पाण्याकडे बोट करून म्हणाली, "ते काळं दिसतंय ना, त्याला फ्रेज काहीतरी म्हणायचा. काय गं?"

"माहीत नाही."

"तुला पण नाही?"

"नाही."

 "मूर्ख माझा भाऊ. कशाला हात लावायचा त्या यंत्राला? सगळं स्वतःच्या हातानं घालवलं बिचाऱ्यानं. अल्ला त्याला माफ करो."

तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि अंजिरांची पिशवी उचलली. फाटकापाशी बसलेल्या बायकांना ती वाटायची होती. दोन पावलं गेली असेल. मी तिला थांब म्हणाले. ती वळली, पण मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी कबरीच्या दगडाकडे पाहत होते, आणि माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"बाबा, पहारा मी बंद केला होता. तुम्ही पाण्यात होतात. मी केला."